मळ्यातल्या सात बायकांचे डोळे

सदूदादा, तू गेल्याचं मला सोळाव्या दिवशी कळलं. तुझं दहावं झालं, तेरावं झालं, घरच्यांनी गोडाचं जेवण करून सुतक सोडलं, आणि इकडे बहरीनमध्ये मी तोवर तुला जिवंत धरून चाललो होतो. मागच्या आठवड्यात तुला शिव्याही घातल्या. रंगाचा डबा झाकण न लावता ठेवायची तुझी सवय मला लागलीय, आणि पिवळ्यावर साय धरली की मी तुझ्या नावाने बोटं मोडतो. मेलेल्या माणसाच्या नावाने बोटं मोडली म्हणून आता वाईट वाटतंय. पण मला काय ठाऊक?

बातमी आणली तुमच्या गावच्या पांडूने. तो जुफैरच्या हॉटेलची गाडी चालवतो, लीव्हवर गेला होता, ह्या सोमवारीच परत आला. दुकानाच्या दारात उभा राहून म्हणाला, "इनास, सदूदादा गेलो." मी तेव्हा अस्करच्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यासाठी बोर्ड लिहीत होतो. हेल्मेट घातल्याशिवाय आत येऊ नये, एवढाच मजकूर, वर इंग्रजी, खाली हिंदी. शेवटच्या शब्दाची दोन अक्षरं राहिली होती. मी पांडूला बसायला सांगितलं आणि ती पुरी केली. अर्धं अक्षर टाकून उठायचं नाही, हे तूच शिकवलंस. अक्षरं सरळ आली. मग मागच्या खोलीत गेलो, तुझ्या खाटेवरचे रंगाचे डबे खाली ठेवले आणि बसलो. रडायला आलं नाही. नुसताच थकवा आला, दिवसभर शिडीवर उभं राहिल्यावर पोटऱ्यांत येतो तसा.

पांडूने एक पुडकंही दिलं. त्याचं मी शेवटी लिहीन. आत्ता तिकडे हात जात नाही.

आपल्या मंडळाच्या लोकांनी तुझ्यावर चार ओळी मागितल्या आहेत. जन्म, गाव, बहरीनमधली वर्षं, मंडळाच्या नाटकांचे पडदे किती रंगवले ते. मी त्यांना म्हटलं, देतो, आणि दिल्या नाहीत. जन्मभर दुसऱ्यांनी दिलेला मजकूर लिहीत आलो, दादा. हा पहिलाच माझ्या मनाचा. तू चित्रवाला आणि मी अक्षरवाला, त्यामुळे तू हे वाचायचा कंटाळा करशील हेही माहीत आहे. "वाच मरे तूच," म्हणून पाठ करून झोपशील. तरी लिहितो.

आपली ओळख आपण भेटायच्या आधीची. मी वसईत दुकानांच्या पाट्या लिहायचो. ब्रश घ्यायला मुंबईला गेलो होतो, तेव्हा एका जिन्याच्या तोंडाशी तो बोर्ड बघितला. गल्फला माणसं पाठवणाऱ्या एजंटाचा. निळाशार समुद्र, खजुरीच्या हिरव्यागार झाडांची रांग, पांढरी उंच इमारत, आणि हातात बॅगा घेऊन विमानाकडे चाललेली माणसं. सगळ्यांच्या पाठी आपल्याकडे. त्या रांगेत मधे एक जागा मोकळी होती, बरोबर एक माणूस मावेल एवढी. मी अक्षरं बघायला थांबलो होतो. अक्षरं वाईट होती. पण ती मोकळी जागा काही डोळ्यांसमोरून जाईना. दोन दिवसांनी मी तोच जिना चढलो.

इथे आलो आणि तुझ्याच खोलीत उतरलो, तेव्हा इंग्रज जाऊन पाचेक वर्षं झाली होती. पहिल्याच आठवड्यात धुळीचं वादळ आलं, तीन दिवस दातांत वाळू. नळाचं पाणी खारट. मी जेवताना म्हटलं होतं, "तो बोर्ड काढणारा भेटला ना, तर त्याला ह्या धुळीत उभा करीन." तू माशाचे काटे काढत होतास. चौथ्या दिवशी, मी तीच टकळी पुन्हा लावल्यावर, तू ताटातच बघत म्हणालास, "तो बोर्ड मियां काढलेलो." मी घास तसाच धरून बसलो. मग म्हणालास, "समुद्र निळो आसा मा? मग?"

तू तो बोर्ड बहरीन न बघताच काढला होतास. खजुरी एका कॅलेंडरवरून, इमारत कुठल्या तरी सिमेंटच्या जाहिरातीवरून. आणि बोर्ड एजंटाला इतका आवडला की त्याने तुलाच विचारलं, तू जातोस का? स्वतःच्याच बोर्डाला फसलेला तू जगातला एकटाच पेंटर असशील. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी अबू खलीलने, आपल्या मालकाने, आपल्याला एकाच शिडीवर चढवलं, तू वर, मी खाली, आणि न बोलून चालेना. त्यानंतर दहा वर्षं मी तुला त्या बोर्डावरून टोमणे मारले. एसी बंद पडला की, व्हिसा अडकला की, उन्हाळ्यात छपरावर चढायची वेळ आली की, "काय दादा, जागा मोकळी होती ना?" तू हसायचास. मला वाटायचं, तुलाही ती गंमतच वाटते.

तुझ्या घरी गणपतीची शाळा होती. म्हणजे मूर्तींचा कारखाना, पण तुमच्याकडे त्याला शाळाच म्हणतात, हे मला वसईच्या ख्रिस्ती माणसाला समजायला वेळ लागला. मला वाटायचं तू मास्तरचा मुलगा. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, हे तू वडिलांकडून घेऊन आलास. सकाळी आंघोळ करून, उपाशीपोटी, कुणाशी न बोलता. आखणी झाली की मूर्ती बघायला लागली, मग तिच्यासमोर खोटं बोलायचं नाही, असं तुझे वडील म्हणायचे. तिथे ठीक होतं. पण तू तो नेम इथेही चालवलास. मनामाच्या बाजारातल्या ज्यूसवाल्याच्या पाटीवर पोपट होता. त्या पोपटाच्या डोळ्यासाठी तू सकाळी चहा घेतला नाहीस. दाताच्या डॉक्टरच्या बोर्डावरची हसरी बाई, सनाबिसच्या शिंप्याच्या काचेवरचा सूटवाला, सगळ्यांना उपाशीपोटी डोळे दिलेस. अबू खलील कपाळाला हात लावायचा. "यल्ला, सदू, पोपट है, पैगंबर नहीं," म्हणायचा, आणि मग थांबायचा, कारण तुझ्या बोर्डावरची माणसं बघतात हे त्यालाही दिसत होतं.

त्यासाठी तुझा वेगळा ब्रश होता, खारीच्या शेपटीच्या केसांचा, वडिलांच्या हातचा. जुन्या थर्मामीटरच्या नळीत ठेवायचास. त्याला कुणी हात लावायचा नाही. मला एवढीच परवानगी, की तू डोळे आखत असताना मी मागे आरसा धरून उभं राहायचं. समोरून बघताना फसतं, आरशात बघितलं की एक डोळा वर गेलेला लगेच कळतो. तू आरशात बघायचास, मान हलवायचास, मी आरसा खाली घ्यायचो. दहा वर्षांत आपण देवाधर्मावर एक शब्द बोललो नसू, पण ते आरसा धरून उभं राहणं मला चर्चमध्ये उभं राहिल्यासारखंच वाटायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. आणखी एक तू कुणाला देत नसायचास, ते म्हणजे संध्याकाळी चिंध्या धुणं. दिवसभरात रंग पुसलेल्या सगळ्या चिंध्या रॉकेलमध्ये, मग साबणात, मग दोरीवर. मी म्हणायचो, फेकून दे, नव्या घेऊ. तू म्हणायचास, चिंधी बघून कळतं दिवसभरात कोण काय चुकलं ते.

आता जुफैरच्या कामाचं.

तिथे एका इंग्रज व्यापारी कंपनीचं जुनं गेस्टहाऊस होतं. त्याचं हॉटेल करायचं ठरलं होतं. मॅनेजर इंग्रजच, उंच, मऊ बोलणारा. गोडाऊन साफ करताना त्याला पोस्टरांच्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांच्या राज्याच्या काळातल्या. कडा कसरीने खाल्लेल्या, पण रंग अजून ताजे. त्याला त्यांतली तीन मोठ्या फळ्यांवर काढून डायनिंग हॉलमध्ये लावायची होती. जुन्या दिवसांची आठवण म्हणून. आपण ती दुकानात फरशीवर पसरली आणि कोपऱ्यांवर डबे ठेवले. तू उकिडवा बसून बघत राहिलास. मी इंग्रजी वाचून सांगत होतो.

पहिलं जहाजाचं. बंदर, पेट्या, पेट्यांवर देशोदेशींची नावं, आणि खाली मजकूर, की आपल्याच राज्यातला माल घ्या, पैसा घरातच राहील. दुसरं आफ्रिकेतल्या कुठल्याशा मुलखाचं. पिवळ्या गव्हाचं शेत क्षितिजापर्यंत, लांब व्हरांड्याचा बंगला, व्हरांड्यात गोरा बाप, गोरी आई, दोन मुलं, कुत्रा, आणि एक रिकामी खुर्ची. वर लिहिलेलं, इथे जमीन तुमची वाट बघते आहे. तिसरं चहाचं. पुढे टोपीवाली मडम हातात कप घेऊन हसतेय, आणि मागे हिरव्या उतारावर पाठीला टोपल्या लावलेल्या सात बायका वाकून पानं खुडताहेत. मडमेच्या पापण्यासुद्धा मोजून घ्याव्यात अशा काढलेल्या. त्या सात बायकांचे चेहरे म्हणजे तपकिरी रंगाचे सात ठिपके.

तू उकिडवाच सरकत दुसऱ्या चित्रापाशी आलास. मग त्या रिकाम्या खुर्चीवर बोट ठेवलंस. "ही कशाक ठेवल्यान, ठावक आसा?"

मी म्हटलं, राहिली असेल.

"रवत नाय अशी," तू म्हणालास. "मियां पण ठेवलेलंय."

मला तेव्हा आपली ती मुंबईची रांग आठवली, तिच्यातली मोकळी जागा. तू सगळं उलगडून सांगत गेलास, एखाद्या कारागिराने दुसऱ्याची चोरी पकडावी तसा, आणि चोरी पकडताना आपलीही सांगावी तसा. शेत मोकळं दाखवायचं असेल तर आधी तिथे राहणारी माणसं काढायचीच नाहीत. ऊन नेहमी डावीकडून, सकाळचं, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं अजून सगळा दिवस पुढे आहे. धूळ नाही, माशी नाही, घाम नाही. मी म्हटलं, साहेबाच्या देशातले लोक असलं बघून घरदार सोडून निघाले असतील? तू म्हणालास, तू नाय इलंस?

मग ते वाक्य बोललास, जे मी अजून मनात धरून आहे. "ज्येका माल इकूचा आसता, त्येका तोंड देवचा. जो राबता, त्येची पाठ दाखवची. माका एजंटान ह्याच सांगितलेल्यान." मी हसण्यावारी नेलं. तू हसला नाहीस.

तीन आठवडे काम चाललं. मूळ पोस्टरवर चौकटी आखल्या, फळीवर मोठ्या चौकटी, आणि एकेक घर भरत गेलास. जहाज झालं, बंगला झाला. अक्षरं मी केली, आणि माझ्यापुरतं सांगतो, मूळ अक्षरांपेक्षा सरस केली. चहाचा मळा शेवटी. एका गुरुवारी सकाळी मी दुकानात आलो तर तू आंघोळ करून, ओल्या केसांनी, थर्मामीटरची नळी उघडून बसला होतास. मी म्हटलं, मडमेचे डोळे तर काल झाले. तू आरशाकडे बोट केलंस. मी आरसा उचलला.

तू सात बायकांना डोळे दिलेस, दादा. त्यांच्या माना वाकलेल्याच ठेवल्यास, हातही पानांवरच, फक्त नजर वर. चेहरे नारळाच्या करवंटीएवढे, तेवढ्यात तू सात वेगवेगळ्या बायका बसवल्यास. पहिली तुझी आई, दुसरी चुलती, अशी नावं घेत गेलास. पाचवी आमची वहिनी, तुझी बायको. मी तिला कधी बघितलं नव्हतं, पण पाचवीकडे बघून मी उगाच शर्टाचं बटण लावलं. आपलं भांडण तिथेच झालं. मी म्हटलं, हे चित्र दुसऱ्याचं आहे, आपण नकला करणारे, जसं आहे तसं उतरवून द्यायचं. अक्षरवाल्याचा धर्मच तो. मजकूर चुकीचा असला तरी मी जसाच्या तसा लिहितो, खाली सही माझी नसते. तू एवढंच म्हणालास, "माझ्या हातातसून बिनडोळ्याचा माणूस भायर जावचा नाय. एकदा गेला, ता पुरे." आणि ब्रश धुवायला गेलास.

ते भांडण आपण पुरं केलंच नाही. आज करायचं तर तूच नाहीस.

शनिवारी मॅनेजर बघायला आला. तू रोजच्या कामावर होतास, शिंप्याच्या काचेवर. तो तिसऱ्या फळीसमोर बराच वेळ उभा राहिला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात मला म्हणाला, "माझे पाहुणे जेवत असतील, आणि ह्या बायका सारख्या त्यांच्याकडे बघत राहतील." मूळ चित्राप्रमाणे करून द्या, सोमवारी माणूस पाठवतो, म्हणाला आणि गेला. अबू खलीलने मला आत बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, हे काम फिसकटलं तर हॉटेलचं पुढचं सगळं काम मफी, बंद. मग मला दोन पेंटर ठेवता येणार नाहीत. तुमच्यातल्या एकाचा व्हिसा ह्या महिन्यात संपतोय.

व्हिसा तुझा संपत होता. एवढंच मी स्वतःला सांगत आलो, की मी ते तुझ्यासाठी केलं. पण अबू खलीलने नाव घेतलं नव्हतं, दादा. पोपटाच्या डोळ्यावर भाळणारा तो माणूस चित्रवाल्याला ठेवून अक्षरवाल्याला घरी पाठवू शकला असता. अक्षरं काय, कुणीही लिहितं. हे मला तेव्हाही कळत होतं.

सोमवारी दुपारी, दुकान बंद करून सगळे झोपतात त्या वेळेत, तू मागच्या खोलीत खाटेवर घोरत होतास. मी टर्पेंटाइन घेतलं, चिंधी घेतली. वरचा रंग अजून पुरता सुकला नव्हता. एकेक करून चौदा डोळे पुसले. पाचवीपाशी थांबलो, मग तिचेही पुसले. वर तपकिरी रंगाचा हात फिरवला. दहा मिनिटांचंही काम नव्हतं. हॉटेलचा माणूस आला, फळी गाडीत चढवली. तू उठून आलास तेव्हा भिंतीवर नुसता चौकोन राहिला होता, धूळ न बसलेला.

"गेलो बोर्ड?" तू विचारलंस.

"गेला."

"सायब काय बोललो?"

मी म्हटलं, "चांगला झालाय म्हणाला."

तू हूं म्हणालास. संध्याकाळी नेहमीसारख्या चिंध्या धुतल्यास. मी बाहेर बसून ते बघत होतो, आणि तू दोरीवर चिंध्या वाळत घालून आलास तेव्हा मला म्हणालास, मासे आणले आहेत, कांदा चिर. तुझ्या व्हिसाचं काम झालं. हॉटेलची पुढची कामंही आली. मी मनात म्हटलं, सुटलो.

मी सुटलो नव्हतो. त्या दिवसानंतर तू मला आरसा धरायला कधी बोलावलं नाहीस. मी विचारलं तर म्हणायचास, राहू दे, आता हाताला सवय झालीय. तू आखलेले डोळे मात्र पुढे थोडे वाकडे यायला लागले. मला वाटलं, वय झालं, नजर कमी झाली. खरंच तसंच वाटलं, की मी तसं वाटून घेतलं, आता सांगता येत नाही. आणि तू त्या डायनिंग हॉलमध्ये कधी पाऊल टाकलं नाहीस. पांडू चल म्हणायचा, मागच्या दाराने दाखवतो. तू म्हणायचास, मी काढलेलं मला काय दाखवतोस. दुसऱ्या कशात फरक पडला नाही. तसाच रविवारी माझ्यासाठी वेगळी डाळ करायचास, मला ताप आला तेव्हा तीन दिवस उशाशी बसलास. तू एकदा ओरडला असतास, तर मी पायांवर पडून मोकळा झालो असतो. तू ओरडला नाहीस आणि मी पडलो नाही. वर्षं अशीच गेली.

एकदा कुमसाराला गेलो होतो, पापं सांगायला. फादरला हे सगळं सांगितलं. त्याला नीटसं समजलं नाही, चित्रातल्या बायकांचे डोळे पुसणं हे कुठल्या पापात बसवायचं म्हणून तो गोंधळला. मग त्याने विचारलं, त्या माणसाला सांगितलंस का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग माझ्याकडे काय आलास. आधी तिकडे जा.

नाही आलो. सौदीला जाणारा पूल झाला त्या वर्षी दुकानांवर प्लास्टिकची अक्षरं आली, आतून दिवा लागणारी. हाताने काढलेला पोपट कुणाला नको झाला. अबू खलीलने तुला नको म्हटलं नाही, तूच म्हणालास, खलास, आता घरी जातो. विमानतळावर मी तुझी बॅग धरून उभा होतो. ठरवून आलो होतो, आज सांगायचंच. तोंड उघडणार तेवढ्यात तू माझा हात धरलास. आपण कधी हात धरणारी माणसं नव्हतो.

"इनास, माका माफ कर," तू म्हणालास. "माझ्या बोर्डान तुका हयसर हाडल्यान."

दहा वर्षं मी त्यावरून टोमणे मारत होतो आणि दहा वर्षं ते तुला लागत होतं. मी काय म्हटलं आठवतंय? म्हटलं, "जुनी गोष्ट झाली, दादा, खलास." तू माफी मागितलीस आणि मी मोठेपणाने दिली. माझी मात्र खिशातच राहिली. तू आत गेलास. त्या रांगेत सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या, तुझीही. तू वळून बघितलं नाहीस.

आता ते पुडकं. पांडू गेल्यावर दोन दिवस ते मी रंगांच्या फळीवर ठेवून दिलं होतं. वर्तमानपत्राचा कागद, सुतळी, आत थर्मामीटरची नळी. सोबत तुझ्या सुमनची चिठ्ठी, वहीच्या पानावर. तिने लिहिलंय, "इनासकाका, बाबांनी शेवटच्या दिवसांत दोनदा सांगितलं की हा ब्रश तुम्हालाच पाठवायचा. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, त्याचं एक काम राहिलंय. कोणतं ते आम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला कळेल म्हणाले."

मला कळलं, दादा. चिंधी. तू त्या संध्याकाळी चिंध्या धुतल्या होत्यास. मी त्या दिवशी निळ्या अक्षरांवर होतो, आणि माझ्या चिंधीवर काळा आणि पांढरा होता. तुला त्याच दिवशी कळलं होतं. त्यानंतर तू मला कांदा चिरायला सांगितलास.

पाया पडायला तू नाहीस, म्हणून इथे लिहितो. सदूदादा, ते डोळे मी पुसले. साहेबाने हात धरून पुसायला लावले नाहीत. मी माझी रांगेतली जागा राखायला पुसले. ज्या जागेसाठी आलो होतो, तिच्यासाठीच.

तुझ्या नावाने चर्चमध्ये मिस्सा ठेवला, आत्म्याच्या शांतीसाठी. फादरने नाव विचारलं, मी सदाशिव म्हटलं. त्याने वर बघितलं, आणि मग लिहून घेतलं.

काल शुक्रवार. सकाळी आंघोळ केली. काही खाल्लं नाही, चहासुद्धा नाही, डोकं दुखत होतं. दुपारी जेवणं आटोपून हॉल बंद होतो त्या वेळेला पांडूने मागच्या दाराने आत नेलं. फळी तिथेच आहे. मडम सिगरेटच्या धुराने पिवळी पडलीय, बंगल्याच्या चित्राखाली बुफेचं टेबल लावतात. एक वेटर टेबलं पुसत होता, त्याने विचारलं, रिपेअर? मी म्हटलं, हो, रिपेअर. त्याने मला खुर्ची आणून दिली.

खुर्चीवर चढलो आणि पाचवीपासून सुरुवात केली. तिला निदान ह्या फळीवर एकदा मी नीट बघितलं होतं. जन्मभर अक्षरं काढली, गोल काढले, आडव्या रेघा काढल्या, डोळा कधी काढला नाही. काल काढला. तुझा ब्रश फार हलका आहे, हातात आहे की नाही तेच कळत नाही. एक डोळा झाला, मग दुसरा. पांडू दारात उभा होता. बुबुळात पांढरा ठिपका तू सगळ्यात शेवटी द्यायचास, तसा दिला. मग खाली उतरलो.

सहा राहिल्यात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा जाईन, आणि त्याच्या पुढच्या. मॅनेजरने बघितलं तर बघू दे. पण दादा, आरसा धरायला माझ्यामागे कुणी नव्हतं. पाचवीचे दोन्ही डोळे एका रेषेत आलेत की एक वर गेलाय, ते मला काही कळलं नाही. तू बघ.